गाणं विकायचं की ठेवायचं? कोल्हापुरातल्या एका तरुण डीजेचं प्रकरण

गाणी करणाऱ्या मुलांचे करार आणि हिशेब बघणं हा माझ्या कामाचा एक भाग आहे. हे प्रकरण त्यातलंच, मुलाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या परवानगीने लिहिलेलं. नाव, पेठ आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला आपण ओंकार म्हणू. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या पट्ट्यात लॅपटॉपवर गाणी करणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांपुढे कधी ना कधी हाच प्रसंग येतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

ओंकारचे वडील उद्यमनगरात टर्नर आहेत, आई घरी शिवणकाम करते. दहावीच्या सुट्टीत तो पेठेतल्या एका डॉल्बीमालकाकडे केबल ओढायला जायला लागला. या मालकांना सगळी पेठ आण्णा म्हणते, तोही म्हणतो. बेस आणि टॉप कुठे तोडायचे, म्हणजे खालचा आणि वरचा आवाज कुठे वेगळा करायचा, अ‍ॅम्प्लिफायर तापला की काय करायचं, गर्दी पुढे सरकली की आवाज कसा बदलतो, हे सगळं आण्णांनी त्याला गाडीवर उभं करून शिकवलं. पुढे आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं. एकीकडे जुन्या लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ हे गाणी बनवण्याचं सॉफ्टवेअर शिकत गेला; अर्थातच क्रॅक केलेलं.

विशीत येईपर्यंत त्याचं नाव झालं होतं. मंडळांना त्याच्याकडून 'नावाचा मिक्स' हवा असायचा. गाजलेलं गाणं घ्यायचं, त्याला खालून बेस द्यायचा आणि ड्रॉपच्या, म्हणजे बेस एकदम कोसळतो त्या क्षणाच्या, आधी मंडळाचं नाव घुमवायचं. एका मिक्सचे दोन-तीन हजार सुटायचे. गणपतीत मिरजकर तिकटी ते पापाची तिकटी या मिरवणुकीच्या टप्प्यात एकाच रात्री त्याचे मिक्स वेगवेगळ्या गाड्यांवर वाजायचे. गणपती, नवरात्र, शिवजयंती, आंबेडकर जयंती आणि उन्हाळ्यातल्या हळदी-वराती, असं हे वर्ष. जून-जुलैला मात्र हात रिकामे.

अशाच एका रिकाम्या पावसाळ्यात त्याने स्वतःचं पहिलं गाणं केलं. ओळखीतले एक हलगीवादक आहेत, त्यांना तो मामा म्हणतो. त्यांची हलगी मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि तिच्याभोवती १२८ बीपीएमचा (मिनिटाला १२८ ठोक्यांचा) हाऊस, म्हणजे सरळ ठेक्याचं नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत, बांधला. गाण्यात शब्द नाहीत, कुणाचं नाव नाही, सिनेमातल्या गाण्याचा तुकडा नाही. मी ते ऐकलं तेव्हा मला वाटलं की या मुलाकडे देण्यासारखं स्वतःचं काहीतरी आहे. आजही तेच वाटतं.

अडचण

पुढच्या जुलैमध्ये चार गोष्टी एकदम अंगावर आल्या.

पहिली यूट्यूबची. त्याच्या चॅनलवर सिनेगीतांचे रिमिक्स भरलेले होते आणि थोड्याच दिवसांत दोन स्ट्राइक आले. नव्वद दिवसांच्या आत तिसरा आला असता तर चॅनल बंद. पोरं इथे मोठी गल्लत करतात. कंटेंट आयडीचा, म्हणजे हक्काचं गाणं आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, क्लेम आला तर बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो आणि जाहिरातीचे पैसे हक्कदाराला जातात. स्ट्राइक म्हणजे हक्कदाराने व्हिडिओ काढायला लावलेला असतो. ओंकारला वर्षानुवर्षं क्लेम येत होते, त्याने ते कधी मनावर घेतले नाहीत. 'सर्व श्रेय मूळ मालकाचे' असं खाली लिहिलं की भागतं, अशी त्याची समजूत होती. त्या ओळीने काहीही भागत नाही.

दुसरी कंपनीची. दुसऱ्या शहरातल्या एका म्युझिक कंपनीने ते हलगीचं गाणं ऐकलं आणि ४० हजार रुपये एकरकमी देऊ केले. सोबत दोन पानी इंग्रजी करार. गाणं कायमचं, जगभरासाठी, सर्व माध्यमांत कंपनीचं. निर्मात्याचं नाव द्यायचं की नाही हे कंपनी ठरवणार. सही करायला चार दिवस.

तिसरी कानाची. डाव्या कानात शीळ वाजल्यासारखा आवाज येत होता आणि रात्री शांत झालं की वाढत होता. हे त्याने महिनाभर घरात सांगितलं नव्हतं.

चौथी घरची. वडिलांनी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत त्याच्यासाठी शब्द टाकला होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "चार महिने नाचतंय आणि आठ महिने बसतंय, याला काम म्हणत नाहीत."

त्यात कंपनीने गाण्याचे स्टेम्स, म्हणजे प्रत्येक वाद्याची सुटी फाइल, मागितल्या आणि त्या नव्हत्याच. लॅपटॉपचा मदरबोर्ड मध्यंतरी गेला होता आणि उरली होती ती एक एमपीथ्री. म्हणजे जे गाणं विकायचं की नाही यावर घरात वाद चालला होता, ते पूर्ण रूपात शिल्लकच नव्हतं.

समोर असलेले पर्याय

एकरकमी विकणं हा पहिला. ४० हजारांत नवा लॅपटॉप आला असता आणि घरात तोंड दाखवायला जागा झाली असती. या पर्यायाला नावं ठेवणं सोपं आहे. पण ज्या घरात पावसाळ्यात पैसा येत नाही त्या घरात ४० हजार ही खरी रक्कम असते, हे विसरून सल्ला देऊ नये.

करार वाचताना आम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्या, रेकॉर्डिंग आणि संगीतरचना. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात या दोन्हींचे हक्क स्वतंत्र आहेत. रेकॉर्डिंगचा मालक म्हणजे ते तयार करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. तो ओंकारच होता आणि तो हक्क त्याला विकता येत होता. रचनाकाराच्या रॉयल्टीचं मात्र तसं नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर रचनाकाराला रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही. तो हक्क फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. करारातलं 'यापुढे कोणतीही रॉयल्टी मागणार नाही' हे वाक्य त्यामुळे कायद्यापुढे टिकणारं नव्हतं. नाव न देण्याची अटही तशीच, कारण हक्क विकल्यावरही आपण निर्माता आहोत हे सांगण्याचा अधिकार कलम ५७ खाली राहतो. तरी टिकणार नाही असं वाक्य करारात असलं तर ते खोडायला कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि पेठेतला पोरगा ती चढत नाही. कंपन्यांनाही हे माहीत असतं.

दुसरा पर्याय परवान्याचा. मालकी आपल्याकडे ठेवून तीन वर्षांसाठी कंपनीला एकट्यालाच वापर द्यायचा, रक्कम कमी घ्यायची. मला हाच बरा वाटत होता. मुदत आणि प्रदेश मात्र कागदावर हवेत; ते लिहिले नाहीत तर कायदा मुदत पाच वर्षं आणि प्रदेश भारत असं धरतो.

तिसरा, डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणं स्ट्रीमिंग अ‍ॅप्सवर पोहोचवणाऱ्या सेवेमार्फत, स्वतःच प्रदर्शित करणं. खर्च कमी, मालकी पूर्ण, पैसा अनिश्चित. स्पॉटिफायवर २०२४ पासून बारा महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याला रॉयल्टीच मिळत नाही. नव्या मुलाला ही अट टोचते.

चौथा, फौंड्रीत रुजू होऊन रात्री संगीत. वडिलांचा हा पर्याय मला कधीच चुकीचा वाटला नाही. फौंड्रीतला आवाज आणि आधीच शीळ वाजणारा कान, एवढी एकच गोष्ट त्याच्या आड येत होती.

काय केलं

आधी कान. नाक-कान-घसा तज्ज्ञांनी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या क्षमतेचा आलेख, काढला; त्यात ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसला. मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची ही ओळखीची खूण. डॉक्टर समजवायला लागले तोवर वडिलांनीच कागदावर त्या जागी बोट ठेवलं. त्यांच्या शॉपमध्ये ग्राइंडिंगवर आयुष्य काढलेल्या सहकाऱ्याचा आलेख त्यांनी पाहिला होता. त्या दिवसापासून घरातला सूर बदलला. फौंड्रीचा विषय त्यांनी स्वतःहून मागे घेतला आणि डॉल्बीच्या गाडीचाही घ्यावा असं सुचवलं.

आवाजाचं गणित निर्दय आहे. ८५ डेसिबल आठ तास चालतात असं धरलं तर पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात. मिरवणुकीत गाडीवरचा पोरगा दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत उभा असतो. ओंकारने वादकांसाठी मिळतात ते फिल्टरवाले इअरप्लग घेतले. गाडीवर थांबायचे तास ठरवले आणि बेसच्या भिंतीसमोर उभं राहणं बंद केलं.

आण्णांशी बोलणं सगळ्यात अवघड गेलं. २००० च्या ध्वनी नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहानंतर वाजवायचं नाही, आणि सरकारने सूट दिलेल्या मोजक्या दिवशीही बारापर्यंतच. गुन्हा नोंदला गेला तर मंडळाचा अध्यक्ष आणि यंत्रणेचा मालक यांच्यासोबत वाजवणाराही त्यात येऊ शकतो. पुढे पासपोर्ट किंवा नोकरीच्या पडताळणीत ते निघतं. ओंकारने आण्णांना सांगितलं की सगळ्या मंडळांचे मिक्स मी करून देतो, पण गाडीवर बारानंतर आणि हद्दीबाहेरच्या आवाजाला मी नाही. हे लिहून घेऊ असं म्हणताच आण्णा दुखावले. "घरच्या पोरानं आमच्याकडनं कागद मागायचा?" त्यांनी त्याला मुलासारखा वाढवला होता आणि त्यांचं दुखावणं खरं होतं. शेवटी कागद झाला नाही. ओंकारने ठरलेली रक्कम आणि वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर आदराने लिहून पाठवल्या, आण्णांनी 'ठीक आहे बाळा' असं उत्तर दिलं. आपल्याकडे अशा नात्यांत एवढी नोंद मिळाली तरी ती घ्यावी.

यूट्यूबवर त्याने एका रात्रीत सगळे रिमिक्स काढून टाकले. आधीचे दोन स्ट्राइक त्याने जात नाहीत. ते मुदत संपल्यावर किंवा तक्रारदाराने मागे घेतल्यावर जातात. पण तिसरा येण्याची वाट बंद झाली. चॅनलवरची जवळजवळ सगळी वर्दळही त्यासोबत गेली.

आता गाणं. स्टेम्स नव्हते म्हणून हलगी पुन्हा रेकॉर्ड करावी लागली, आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात चांगली गोष्ट याच अडचणीतून निघाली. श्रावणातली दमट हवा. एका खोलीत भिंतींना गाद्या लावल्या, माइक भाड्याने आणला. मामा दर दोन टेकनंतर बाहेर पत्र्याखाली जायचे, वर्तमानपत्र पेटवायचे आणि त्या धगीवर हलगी फिरवायचे. कातडं ताणलं जायचं, सूर चढायचा, आत येऊन वाजवायला लागले की पुन्हा उतरायचा. त्यामुळे एक टेक दुसऱ्याशी जुळेना. ओंकारने संगणकावर सूर सारखा करून पाहिला, तर हलगी डब्यासारखी वाजू लागली. मामा वैतागून म्हणाले, "तू मधी मधी थांबवू नको. एका दमात घे."

एका दमात सहा मिनिटं वाजवलं. मोजल्यावर लय १२४ पासून १३१ पर्यंत चढलेली निघाली. हाऊस संगीतात लय यंत्रासारखी सरळ असते आणि डीजेला दोन गाणी जोडायला ती तशीच लागते. ओंकारपुढे प्रश्न होता की मामांना ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या सारख्या अंतराच्या ठोक्यांच्या चौकटीवर) बसवायचं की ग्रिडला मामांच्या मागे चालवायचं. त्याने दुसरं निवडलं. ठोक्यागणिक टेम्पो मामांच्या हाताप्रमाणे बसवला आणि किक, बेस सगळं त्यांच्यासोबत चढत नेलं. मिरवणुकीत हलगी अंगात यायला लागते ती याच चढण्यामुळे. पहिल्या मोबाइलवाल्या गाण्यात ते हरवलं होतं, इथे ते सापडलं. डीजेंसाठी सरळ १२८ ची दुसरी आवृत्ती केली, ती त्याच्या मनाविरुद्ध, पण गरजेची होती.

मास्टर, म्हणजे गाण्याच्या अंतिम फाइल्स, त्याही दोन केल्या. डॉल्बीसाठी तो आवाज पार दाबून भरायचा. स्पॉटिफाय आणि यूट्यूब गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या सरासरी जोराचं माप) पातळीला आणतात, त्यामुळे दाबलेलं गाणं तिथे खाली खेचलं जातं आणि निर्जीव वाटतं. ऐकण्यासाठीच्या मास्टरमध्ये त्याने हलगीचा ठोका मोकळा ठेवला. दोन्हींत खालचा बेस मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरला सारखाच.

पुन्हा रेकॉर्डिंग होणार होतं म्हणून मामांशी कागदही करता आला. वादकाला कायद्याने ५० वर्षांचा वेगळा हक्क आहे, हे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. मराठीत एक पान लिहिलं. रेकॉर्डिंगचं मानधन लगेच, गाण्याच्या प्रत्येक कमाईत ३० टक्के, नाव प्रत्येक ठिकाणी, आणि हलगीच्या सुट्या फाइल्स कुणाला द्यायच्या असतील तर दोघांची संमती. मामांनी ते नातवाकडून वाचून घेतलं आणि सही केली.

कंपनीला आम्ही तीन वर्षांच्या परवान्याचा प्रस्ताव पाठवला. त्यांनी नकारही कळवला नाही. सप्टेंबरच्या तोंडावर ओंकारने डिस्ट्रिब्युटरमार्फत गाणं स्वतः प्रदर्शित केलं. नावातलं 'डीजे' काढलं, कारण त्याच नावाचे आणखी दोघे असल्याने गाणी एकमेकांच्या पानावर जात होती. एफएल स्टुडिओचा परवाना विकत घेतला, पुढचे अपडेट त्यावर आयुष्यभर फुकट असतात. फाइल्सची एक प्रत बहिणीकडच्या हार्ड डिस्कवर ठेवली.

काय झालं

पहिले काही आठवडे जवळजवळ काहीच नाही. हजार स्ट्रीम ओलांडायलाच गणपती उजाडले. आण्णांनी गाणं दोन गाड्यांवर लावलं, लोकांनी मोबाइलवर चित्रित केलं, आणि रीलवरून ते थोडं पळालं. तरी पहिल्या वर्षाची स्ट्रीमिंगची कमाई कंपनीच्या ४० हजारांच्या आसपासही गेली नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण स्वतः प्रदर्शित केलं की पैसा मिळतो असा समज पसरलेला आहे.

त्याच हिवाळ्यात त्या कंपनीने दुसऱ्या मुलाकडून हलगी आणि हाऊसचं गाणं करून घेतलं आणि ते जास्त चाललं. ओंकार चिडला, तक्रार करू म्हणाला. करण्यासारखं काही नव्हतं. हलगीच्या ठोक्यावर किंवा 'हलगीला बेस' या कल्पनेवर कुणाची मालकी नसते.

मग एका मराठी वेब मालिकेच्या ध्वनिसंयोजकाने विचारणा केली. त्यांना गाणं नको होतं, मामांची ती सहा मिनिटांची हलगी सुटी हवी होती. हक्क दोघांकडे होते, स्टेम्स हाताशी होते, संमतीचं कलम लिहिलेलं होतं, त्यामुळे आठवड्यात परवाना झाला. पैसे कंपनीच्या रकमेपेक्षा थोडे जास्त आले आणि मामांचा वाटा त्याच दिवशी त्यांच्या खात्यात गेला. गाणं विकलं असतं तर ही चौकशी कंपनीकडे गेली असती.

मंडळांचे मिक्स तो अजून करतो. घर त्यावर चालतं, आणि त्यात कमीपणा वाटण्याचं कारण नाही. चॅनल वाचलं, पण पूर्वीची वर्दळ परतली नाही. कानातली शीळ गेलेली नाही; डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की झालेली इजा भरून येत नाही, पुढची टाळता येते.

वेगळं काय करता आलं असतं

सगळे रिमिक्स एका रात्रीत काढणं मला आजही घाईचं वाटतं. ज्यांवर फक्त क्लेम होता आणि हक्कदार कंपनीने कधी काही काढायला लावलं नव्हतं, ते आधी खाजगी करून ठेवता आले असते. खाजगी केलेला व्हिडिओ नंतर उघडता येतो, काढलेल्याचे व्ह्यू परत येत नाहीत. ओंकारला हे पटत नाही. "झोप लागत नव्हती," तो म्हणतो. त्याच्या जागी तेही खरं आहे.

मामांशी कागद पहिल्या रेकॉर्डिंगच्या वेळीच व्हायला हवा होता. लॅपटॉप गेला नसता तर मोबाइलवरचीच हलगी कंपनीकडे गेली असती, आणि मामांना त्यातलं काही कळलंही नसतं. हे ओंकारच्या मनात नव्हतं, पण घडलं असतं.

आयपीआरएसचं सदस्यत्व त्याने गाणं आल्यावर बऱ्याच महिन्यांनी घेतलं. रचनाकाराची रॉयल्टी गोळा करणारी ही सोसायटी १९६९ पासून आहे. प्रदर्शनाच्या आधीच अर्ज भरायला हवा होता. आणि कान तपासायला महिनाभर थांबायला नको होतं. गाडीवर काम करणाऱ्या प्रत्येक मुलाने हंगामाआधी एकदा ऑडिओग्राम काढावा आणि त्याचा खर्च डॉल्बीमालकाने द्यावा, असं मी आण्णांना सांगितलं आहे. यंदा त्यांनी दोघांचा काढला.

आता नवा प्रश्न उभा आहे. आण्णांचं वय झालं आहे. त्यांनी ओंकारला भागीदारी देऊ केली आहे: कर्ज काढून नवी यंत्रणा घ्यायची, गाडी त्याच्या नावावर. पेठेत हा मोठा मान आहे आणि घरात पहिल्यांदाच दोन मतं आहेत. आई हो म्हणते, वडील ऑडिओग्राम काढून दाखवतात. माझं मत नको असं आहे. त्या पैशात छोटा स्टुडिओ उभा राहील, आणि मामांसारखे वादक या जिल्ह्यात अजून आहेत. ओंकारने नवरात्रापर्यंत वेळ मागितला आहे.